प्रार्थनेत ठेवलंय

९ फेब्रुवारी, रविवार

आशिष सरांनी विचारलं! उपासना संपल्यावर, चर्चच्या दारात चपला शोधताना. "दिपालीबाई, मला पुन्हा घर मांडायचंय. तुमच्यासंगं. तुमचे अण्णा आपल्याकडंच राहतील की." माझ्या वडिलांचाही विचार करून आलेले. चर्चमध्ये तबला वाजवणारा एवढा बिनधास्त माणूस, पण आवाज कापत होता. बायको जाऊन चार वर्षं झाली त्यांना.

मी काय म्हणाले? "प्रार्थनेत ठेवते." आमच्यात एवढं म्हटलं की पुढं कुणी बोलत नाही. फाईल वर गेली, आता साहेबांना घाई करायची नाही!

मला ते आवडतात. इथं लिहायला काय जातंय.

१३ फेब्रुवारी

कारखान्यात शाळांच्या गणवेशांचं कापड येऊन पडलंय. मान वर करायला सवड नाही. रविवारी सांगते.

१६ मार्च, रविवार

सांगितलं नाही. उपवासकाळ सुरू झाला. या दिवसांत आमच्याकडे लग्नं लागत नाहीत, मग होकाराची तरी कसली घाई? "ईस्टर होऊ दे," म्हटलं. "थांबतो की," म्हणाले, "पण लई नको हां." हसत म्हणाले. हसतच होते ना?

शेजारच्या मशीनवरच्या रुक्सानाला सगळं ठाऊक आहे. "क्या गे, तेरा खुदा इत्ता देर लगाता जवाब देनेकू?" गप बस, बटणं लाव, म्हटलं तिला.

२ एप्रिल

धर्मगुरूंच्या बायकोनं, पाळकबाईंनी, भाजीच्या गाड्यावर गाठलं. "काय गं, उत्तर आलं का देवाकडून?"

"अजून नाही, बाई."

"विचारलंयस का त्याला?"

थोबाडीत बसल्यासारखं झालं. कारण — लिहूनच टाकते — एकदाही विचारलेलं नाही! रोज गुडघे टेकते. अण्णांचा दमा सांगते, रुक्सानाच्या नवऱ्याची नोकरी सांगते, पाण्याचा टँकरसुद्धा सांगते. आशिष सरांचं नाव ओठांशी आलं की "आमेन" म्हणून उठते. देव "हो" म्हणाला तर? मग हलावं लागेल. माझी खोली, माझा चहा, कुणाला न विचारता दिवा मालवणं — सगळं सोडावं लागेल. एकोणचाळिसाव्या वर्षी दुसऱ्याच्या घरात मीठ कुठं असतं इथपासून सुरुवात!

ढकलतेय मी, आणि नाव त्याचं घेतेय. किती लबाड गं तू, दिपाली.

२० एप्रिल, ईस्टर

पांढरी साडी नेसले. आज सांगायचंच. पहाटेची उपासना झाली, चहा झाला. ते दोनदा माझ्याकडे येऊ लागले, दोन्ही वेळा मी कप गोळा करायला वळले. लोक होते ना भोवती. पुढच्या रविवारी निवांत बोलू.

२७ एप्रिल

अण्णांना धाप लागली होती. चर्चला गेले नाही. (दुपारी बरे होते. संध्याकाळी जाता आलं असतं आशिष सरांकडे.)

४ मे, रविवार

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांच्या नावांची पुकार होते. आज पाळकांनी पहिली पुकार केली. आशिष. आणि चेतना.

चेतना — शब्बाथशाळेत पोरांना शिकवते ती. गुणी आहे. नाव ऐकून लाजून लाल झाली. "कुणाची रास्त हरकत असल्यास कळवावी," पाळक म्हणाले. आणि मी हसत होते! सगळ्यांबरोबर हसत होते.

घरी येऊन आमटी टाकली, मीठ घालायचं विसरले. अण्णांनी ती तशीच भुरकली. मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. माझा होता तो माणूस. मी हात पुढं केला असता तर माझाच होता.

११ मे, रविवार

दुसरी पुकार. बाहेर आल्यावर चेतनानं माझा हात धरला. "ताई, लग्नाचा ब्लाऊज तुम्हीच शिवायचा हं माझा." हो म्हणाले. याला मात्र लगेच हो म्हणाले!

१४ मे

गेले. आज सुटी झाल्यावर थेट आशिष सरांच्या दारात. आत बोलावलं तरी गेले नाही. उंबऱ्यातूनच म्हटलं, "माझं उत्तर हो होतं. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला माहीत असावं एवढंच."

ते मटकन खाली बसले. "आत्ता सांगताय व्हय?" पुन्हा म्हणाले, "आत्ता?"

मी निघाले. कसं हलकं वाटलं, देवा! इतके दिवस अडलेलं बोलून टाकलं एकदाचं. अण्णांसाठी जिलबी आणली.

१८ मे, रविवार

तिसरी पुकार झाली नाही. "वराच्या विनंतीवरून थांबवली आहे," एवढंच पाळक म्हणाले. आशिष सर आलेच नव्हते. चेतना पोरांच्या बाकावर बसली होती. मधेच उठून एकटी निघून गेली. तिला कारण माहीत नाही. मला माहीत आहे.

अण्णा म्हणतायत, ऊन मी म्हणतंय, उतरू दे, मग जा कुठं जायचं ते. नाही. चेतनाकडे निघालेय.