न पाह्यलेला बर्फ

बडोदा, १२ जानेवारी

माय,

दुरूनच पाया पडते. दोन्ही टाइम जेवून राह्यली, फिकर करू नको. बाबाचा खोकला कसा हाय?

चित्रकलेच्या सरांनी जुन्या विलायती चित्रांसारखं बर्फात खेळणाऱ्या पोरांचं चित्र काढाले लावलं. म्या बर्फ कुठी पाह्यला? आपल्या घरातली कापसाची गंजी आठवली अन् तिच्यावर उड्या मारणारे आम्ही भावंडं काढले.

सर म्हणे, "बर्फ झकास! पण सारी पोरं खाजवून काहून राह्यली? अन् दारात काठी घेऊन कोण हाय?"

म्हटलं, "कापसानं अंग खाजते, सर. अन् दारात माय हाय."

चित्र कॉलेजच्या भिंतीवर लागलं. सारे तुही काठीच पाह्यतात.

कापूस अजून घरातच हाय का? भाव येईपर्यंत दादाच्या पोरीले त्याच्यावर उड्या मारू दे. तिलेबी कधी बर्फ काढा लागन.

तुहा मार खाल्लेली,
प्रेरणा