खालच्या खोलीत अजून गॅस पेटलेला नाही

प्रिय आई,

आज अचानक पत्र लिहायला बसले, कारण तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि दुसऱ्या कुणाला विचारून उपयोग नाही. दादाला फोन केला होता. तो म्हणाला, "पुरणपोळी असेल." असेल म्हणजे काय? पुरणपोळी बाबांना आवडायची!

झालं असं, की तुझ्या खालच्या दोन खोल्यांत आज नवीन माणसं राहायला आली. दादानं पुण्यात बसून भाडेकरू ठरवले, मला फक्त किल्ली द्यायला सांगितली. पाचोडकडचे आहेत. मुलगा कंपनीत आहे, त्याची बायको आणि म्हातारी आई. मी ठरवलं होतं, किल्ली द्यायची आणि वर निघून यायचं, चहासुद्धा विचारायचा नाही. राग होता का? माहीत नाही गं. तुझ्या ओट्यावर दुसरीचे डबे मांडलेले बघवत नव्हते एवढं खरं.

तर ती म्हातारी गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून वर आली.

"बाई, खाली तुमची आई ऱ्हात हुती ना? तिथंच गेल्या म्हनं."

"हो."

"मग त्यास्नी काय आवडायचं? त्यांच्या नावानं पयला निवद ठिवते, मग आमची चूल. दुसऱ्याच्या घरात घुसायचं तर इचारून घुसावं. आमच्यात तसंच हाय."

आणि आई, मी काय करून बसले बघ! मी म्हणाले, "विचारून सांगते." विचारून! कुणाला? ती बिचारी म्हणाली, "सावकाश सांगा." खाली सून कणीक मळून बसली आहे, आणि सासू तिला गॅसला हात लावू देत नाही. तीन माणसं माझ्यापायी उपाशी आहेत.

मग आठवत बसले. भरलं वांगं? ते दादाला लागायचं. साबुदाण्याची खिचडी? ती माझ्यासाठी. आंबट वरण आजीसाठी, तिच्या दाताला सोपं म्हणून. तुझ्या ताटात मी काय पाहिलं? उरलेलं. इतकी वर्षं एका घरात राहून मला एवढंही ठाऊक नसावं? आणि तू तरी कधी सांगितलंस का? एकदा तोंड उघडून बोलली असतीस तर काय बिघडलं असतं!

तुझी आवड म्हणून मला एकच गोष्ट आठवते, आणि ती ताटात वाढता येत नाही. तुझे सिनेमे! बाबा औरंगपुऱ्यातून व्हिडिओ भाड्यानं आणायचे, रिक्षात मांडीवर घेऊन. तुला मारामारी नको, भूत नको. शेजारी नवीन कुटुंब राहायला येतं, आधी भांडणं, मग लग्न, असलाच पाहिजे. दुकानदार बाबांना लांबूनच सांगायचा, "साब, भाबी का पडोसीवाला नया नहीं आया!" मग जुनाच यायचा, आणि तू नव्यासारखा बघायचीस.

आणि त्या सिनेमांनी तुला वेडं केलं होतं. समोरच्या बँकवाल्यांच्या दारात टेम्पो दिसला आणि तू लगबगीनं शिरा करून घेऊन गेलीस. ते कधी कुणाशी बोलायचे नाहीत, म्हणून ते कधीच गेले आणि हे दुसरे आले, असं तुला वाटलं. ती बाई म्हणाली, "अहो, आम्ही येत नाही, निघालोय. बदली झाली!" तू तशीच ट्रंकेवर बसून सगळ्यांना शिरा खायला घातलास. घरी येऊन म्हणालीस, "बरं झालं, जाताना तरी गोड खाऊन गेले." आम्ही किती हसलो होतो.

पण आई, त्या सिनेमांत त्या घरात आधी कोण राहत होतं, हे कधी दाखवायचे का गं? मला तर एकही आठवत नाही. टेम्पो येतो, घर रिकामंच असतं. असं कसं रिकामं असतं?

आणि एक प्रसंग यायचाच. शेजारीण भिंतीवरून झाकलेली वाटी पुढे करायची. तू सरसावून बसायचीस. "काय असंल गं वाटीत?" मी चिडायचे, "अगं, सिनेमा आहे तो, रिकामी असते!" तरी पुढच्या वेळी तोच प्रश्न.

हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय. गारखेड्यात आपलं घर झालं तेव्हा चहूकडे शेतं होती. गल्लीत पहिले आपणच. नंतर जो येईल त्याच्याकडं भांडं घेऊन तू गेलीस. तुझ्या दारात कोण येणार होतं? तू नवीन होतीस तेव्हा शेजारच नव्हता!

थांब, खाली जाऊन येते.

आले. म्हातारीला सांगितलं, "मावशी, तुम्हाला चांगलं जमतं ते करा. तिला दुसऱ्याच्या हातचं आवडायचं." खरं सांगितलं ना मी? की माझ्या मनचंच? तू काही बोलत नाहीस, मला कसं कळावं? ती मात्र लगेच म्हणाली, "व्हय बाई, बाईमानसाला तेच आवडतं." आणि सुनेला हाक मारली, "पेटव गं!"

मी वळले तर मागून म्हणाली, "तुमचं बी ताट वाढते. तुमाला काय आवडतं?"

आई, मी दारातच आठवायला लागले! माझ्या पोरीला काय लागतं ते ठाऊक, ह्यांना काय चालत नाही ते ठाऊक. माझं? तोंडातून निघालं, "काहीही चालेल." ऐकलंस? ते उत्तर तुझं आहे. मी ते कधी उचललं?

आता खालून हाक येतेय, जेवायला जाते. पण तुला शब्द देते. मला काय आवडतं ते मी शोधून काढीन, आणि पोरीला ठणकावून सांगीन. उद्या कुणी जिना चढून तिला "आईला काय आवडायचं?" असं विचारलं, तर तिनं माझ्यासारखं "विचारून सांगते" म्हणायचं नाही.

तुझी गोंधळलेली,
नंदा