बॅगेतली रद्दी

चिमीची वसतिगृहाची बॅग आज सकाळी काट्यावर कालच्याइतकीच भरली, पण उचलताना एका बाजूला कलत होती. म्हणून उघडून पाहिली. आत तिचा एकही कपडा नव्हता. जुनी वर्तमानपत्रं होती, वजन जुळेपर्यंत दाबून भरलेली. कपडे परत तिच्या कपाटात, एकही घडी न मोडता. प्रवासाआधी मी बॅग पुन्हा तोलते, हे पोरीला पक्कं ठाऊक आहे.

तू म्हणतोस, ती रडत नाही म्हणजे तयार आहे. अरे, ती माझ्यावर गेलीय. मीही सुट्टीभर मूग गिळून बसले, आणि तू तोही होकारच धरलास.

तुला मुद्दाम उठवलं नाही. तू शांतपणे समजूत घातली असतीस आणि मी पुन्हा गप्प झाले असते. आम्ही दोघी बसने समुद्रावर जातोय. सुट्टी लागल्यापासून तिला कबूल केलं होतं, आणि आज शेवटचा दिवस. अंधार पडायच्या आत परत येऊ. जेवण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे. बॅग आहे तशीच राहू दे.

आत्ता बूट घालताना तिने विचारलं, "आई, उद्या मला सोडायला कोण येणार? तू की बाबा?"

मी इतक्या मोठ्याने बोलले, की तू जागा होशील असं वाटलं. म्हणाले, "कोणीच नाही. तू इथेच राहणार आहेस."