न उचललेली ओळ

ऑर्डेला,

तुला पुरल्याला सात रविवार झाले, आणि सातही रविवारी तू आपल्या चर्चमध्ये येऊन गायलीस.

तू गाण्याची एक ओळ म्हणायचीस, ती आधी मी उचलायची आणि मग साऱ्या चर्चनं, हे आईनं आपल्या दोघी बहिणींना लहानपणीच लावून दिलं होतं. पुढे शिकागोत तुझ्या रेकॉर्डी गाजल्या, रेडिओवाले तुला गॉस्पेलची, आपल्या चर्चच्या गाण्यांची, राणी म्हणायला लागले. त्या ईस्टरला तू रेशमी झग्यात अलाबामाला घरी आलीस आणि चर्चमध्ये ओळ म्हटलीस. मी ओठ मिटून बसले. मी उचलली नाही, म्हणून कुणीच उचलली नाही. तू बराच वेळ वाट बघत उभी राहिलीस, मग पर्स घेऊन निघून गेलीस. परत आलीस ती शवपेटीतून.

घसा बसला होता, असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. तुझा झगा बघवला नव्हता मला.

आता प्रार्थना संपली की तुझ्या रिकाम्या खुर्चीतून तीच ओळ येते आणि थांबते. लोकांच्या हातातले पुठ्ठ्याचे पंखे थबकतात. सगळे माझ्याकडे बघतात.

आज चर्चमधल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मदर व्हर्बीना म्हणाल्या, "टाविया, किती ताटकळत ठेवशील गं तिला? उचल ती ओळ, म्हणजे सुटेल बिचारी."

मी म्हटलं, "घसा बसलाय."

घसा ठणठणीत आहे, ऑर्डेला. पण ओळ उचलली की तू पुन्हा निघून जाशील.

राहा उभी.

तुझी धाकटी,
टाविया