चिन्नीच्या औषधाचा गुणाकार

अहो,

माझे अप्पा पहाटे गेले. मी माहेरी गदगला निघाले आहे. चिन्नीला अशा तापात नेता येणार नाही, तुम्हीच सांभाळा. तिच्यासाठी नाचणीची पातळ अंबली गाळून झाकून ठेवली आहे.

औषध किलोला १.२ मिली, पोरीचं वजन ८.५ किलो. काल तुम्ही ८ गुणिले १ म्हणजे ८ आणि ०.५ गुणिले ०.२ म्हणजे ०.१ धरून ८.१ मिली पाजलंत. मधले दोन गुणाकार राहिलेच: ८ गुणिले ०.२ म्हणजे १.६, आणि ०.५ गुणिले १ म्हणजे ०.५. चारही मिळून १०.२ होतात. औषध कमी पडलं, म्हणून ताप हटला नाही.

तुमच्या अव्वा रात्री या सुनेकडे बघत म्हणाल्या, "हिच्या माहेरचं रक्तच दुबळं." मी उलट बोलले नाही. आज तुम्ही बोला. अप्पांसाठी तेवढं करा.

शिवलीला