गाडीचा वास आणि हिचं नाक

तीर्थरूप मामांना,

कोपरापासून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण गेला आठवडाभर रोज सकाळी गाडीमागे आडवाच पडतो आहे, तो तुमच्या नावे धरावा.) गुडघा कसा आहे? तुमचं जेवणाचं टेबल, खिडकी आणि फ्रिज अजून जुन्या चपलेच्या तुकड्यांवरच तोल सांभाळून आहेत ना? मामी त्यावरून बोलत असतीलच, म्हणजे त्यांची तब्येत उत्तम. तुम्ही पत्रात नेहमीप्रमाणे आधी गाडीची खुशाली विचारलीत, मग आईची, आणि कागद उरला म्हणून आमची. त्याच क्रमाने सांगतो.

गाडीला वास येतो. थंडी पडल्यापासून सकाळी सुरू केली की मागून पांढरा धूर निघतो आणि त्याला, हिच्या म्हणण्याप्रमाणे, रबरी चपला तेलात तळल्यासारखा वास असतो. (मला सर्दीमुळे काहीच कळत नाही, म्हणून मी माणूस म्हणून सुखी आहे आणि नवरा म्हणून निरुपयोगी.) पहिल्या दिवशी हिने नाकाला रुमाल लावला, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर उतरली आणि तेव्हापासून एवढ्या गारठ्यात शाळेत शिकवायला चालत जाते. मी मागून पहिल्या गिअरमध्ये समजूत घालत जातो. शेवटी हिने निर्वाणीचं सांगितलं, रविवारपर्यंत वास गेला नाही तर गाडी मामांकडे परत. आता तुम्ही डोळे पुसत किल्ली हातात दिलीत, ती कुठल्या तोंडाने परत करू? मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग तज्ज्ञ गोळा केले. शेजारच्या निवृत्त विज्ञान शिक्षकांनी धुरात नाक घालून नासक्या अंड्याचा निष्कर्ष काढला आणि घरी जाऊन झोपले. आईला करपलेलं दूध आठवलं. (तिला सगळ्यातच ते आठवतं, दूध मी करपवलं होतं.) मेकॅनिकने बोनेट उघडून सांगितलं की गार इंजिनला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं, ते पुरतं जळत नाही म्हणून वास, आणि पांढरी दिसते ती वाफ, त्याची स्वतःची गाडी याहून घाण मारते. मी जग जिंकल्यासारखा घरी आलो.

हिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग साबणाला वास का येतो? फोडणीला का येतो? दोन वर्षांपूर्वी रंगवलेल्या भिंतीला का येतो? आणि विषय निघालाच आहे तर तुझ्या स्वेटरला का येतो? आई शर्टाला बटण लावत होती. तिने सुई खाली ठेवली आणि हिला एवढंच विचारलं, चहा कधीपासून नकोसा झालाय गं? मी समजावून सांगायला लागलो की चहाचा आणि सायलेन्सरचा काही संबंध नसतो. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आत जाऊन पाणी पिऊन आलो.

मामींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. डॉक्टरीणबाईंनी काल पक्कं सांगितलं. मामा, तुम्ही आजोबा होणार. मला फार आनंद झालाय, रडूही आलं. आईला ही बातमी तुम्हाला स्वतः द्यायची आहे, तेव्हा तिचा फोन आला की नव्याने दचका.

आणखी ता. क. तरीही मेकॅनिकने आज गाडी वर उचलून पाहिली. सायलेन्सरची खडखड थांबावी म्हणून कुणीतरी वर चपलेचा तुकडा कोंबला होता, तो घसरून तापलेल्या नळीला चिकटला होता. निळा पट्टा. कुणाची चप्पल ते मी आईला सांगितलेलं नाही, तिने ओळखली. हिचं म्हणणं, मी पहिल्यापासून चपलाच म्हणत होते.

शेवटचं. तुकडा काढलाय, ही पुन्हा गाडीत बसते, तेव्हा गाडी परत मागू नका. दवाखान्यात जायला लागेल. लवकर या, आणि या वेळी आधी हिची तब्येत विचारा. फक्त येताना चपलेचा तुकडा आणू नका. पाळणा हललाच पाहिजे, मामा.