पंधरा पॉइंट दोन

३ फेब्रुवारी

किकची पिन. मागच्या ब्रेकचा रॉड, दोन्ही टोकांच्या आट्यांसकट. चेनकव्हरच्या तीन क्लिपा. पाय ठेवायच्या पट्ट्या, डावी आणि उजवी. सायलेन्सरचा पट्टा. हेडलाइटचे कान. सीटखालच्या पेटीची बिजागरी – ती एका पितळी कुलपातून कापून काढली. हे सगळं माझ्या हातचं. याच मागच्या खोलीत, कानस, हॅकसॉ आणि शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारा माझा चिमुकला लेथ, एवढ्यावर. तीन वर्षांपूर्वी ही जुनी मोटरसायकल आणली तेव्हा एक सांगाडा होता आणि सुट्या भागांची दोन पोती. कुणाकडे एक वॉशर मागितला नाही.

राहिलेत तीन तुकडे. इंजिन धरायची अॅल्युमिनियमची प्लेट, आठ एमएम जाड, तळहाताएवढी. मागचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या सांध्यात बसणारे गनमेटलचे दोन बुश, बोटभर लांबीचे. आणि मागच्या चाकाच्या अॅक्सलवरचा पोलादी स्पेसर – अंगठीसारखी एक कडी, दुसरं काही नाही.

२८ तारखेला आरटीओची तपासणी. चालती नेली नाही तर नंबर कायमचा रद्द. मग ती गाडी राहत नाही, वजनावर विकायचं लोखंड होतं.

५ फेब्रुवारी

धातूबाजारात सहा दुकानं पालथी घातली. "शीट घ्या. बार घ्या. तुकडा कापून देत नाही." एकाने माप ऐकून घेतलं आणि गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "काका, खेळणं करताय का?" सगळे हसले. शेवटचा दुकानदार जरा बरा. म्हणाला, "अहो, कटपीस हवेत तर त्या मोठ्या वर्कशॉपला विचारा. ढीग पडलेला असतो त्यांच्याकडे." कुठलं वर्कशॉप ते त्याने सांगितलं. मी मान हलवली आणि निघालो.

ते वर्कशॉप धाकट्या भावाचं आहे. आठ वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या दोघांचं होतं. त्याने मला बाहेर काढलं, हे सगळ्यांना माहीत आहे. बावीस वर्षांच्या कामातून माझ्या हाती आलं ते फक्त हे व्हर्नियर. समोर टेबलावर आहे. सगळी मापं त्याच्यावरच घेतो.

त्याच्याकडचा लोखंडाचा कीसही नको.

६ फेब्रुवारी

पाच भंगारवाले. पायाला पत्रा लागला. हाती काही नाही.

९ फेब्रुवारी

पुलाखालचा म्हातारा भंगारवाला भेटला. माणूस बोलका. "काय हवं ते लिहून द्या साहेब, माझ्या डोक्यात राहत नाही." लिहून दिलं, आकृतीसकट. त्याने कागद चष्म्याजवळ धरला, उलटाही करून पाहिला. "अक्षर काय सुरेख!" अक्षराचं कौतुक करून गिऱ्हाईक टिकतं असं त्याला वाटत असावं.

१२ फेब्रुवारी

प्लेट मिळाली. आठ एमएम, बरोब्बर. ढिगाच्या वरच पडली होती. कानस फिरवून पाहिली – चांगल्या जातीचं अॅल्युमिनियम, भांड्याचं नव्हे. भंगाराच्या भावात! धातूबाजारातल्या त्या हसणाऱ्या शहाण्याला नेऊन दाखवावीशी वाटली. चार भोकं पाडली, चारही पहिल्या झटक्यात बोल्टवर बसली.

हे हिला बोलून दाखवलं. म्हटलं, नजर लागते, ढिगात सोनं सगळ्यांना दिसत नाही. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "भाऊजींना एक फोन केला असता तर पहिल्या दिवशी मिळाली असती."

तिला काय माहीत.

१५ फेब्रुवारी

गनमेटलही मिळालं. म्हाताऱ्याने फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं. "कुठला माल?" विचारलं. "सगळीकडचा असतो साहेब." दोन्ही बुश माझ्या लेथवर केले. लोण्यासारखं कापलं गेलं. मागचा फोर्क आता बोटाने हलतो, पण खुळखुळत नाही. असं काम डिप्लोमावाल्यांनी करून दाखवावं.

धाकट्याचा डिप्लोमा आहे. फी मी भरली होती.

१८ फेब्रुवारी

पोलाद माझ्या लेथला झेपत नाही, मोटर तापते. स्पेसर टर्नरकडे टाकला. जुना झिजून फुटलेला होता, पण जाडी एका बाजूला शाबूत. मोजली, कागदावर लिहिली: १५.२. आतलं भोक, बाहेरचा व्यास, सगळं. टर्नर तिशीचा आहे, पूर्वी धाकट्याकडेच कामाला होता. नाइलाज. या भागात दुसरा नाही.

२० फेब्रुवारी

स्पेसर बसला नाही. चाक आणि फोर्क यांच्यात शिरेचना. मोजला तर १५.४! टर्नरकडे गेलो. दुकानात चार माणसं.

"तुला १५.२ लिहून दिलं होतं."

"तेवढाच केलाय काका. हे बघा." त्याचं डिजिटल व्हर्नियर लावलं. १५.२.

मी माझं लावलं. १५.४.

"तुझं खोटं आहे," मी म्हणालो. "सेलवर चालणाऱ्या खेळण्यावर माप घेतोस?"

"काका, तुमचं एकदा शून्याला बघा ना."

मग मी बरंच बोललो. त्याच्या जुन्या मालकाने त्याला काय शिकवलं, तेही काढलं. त्याने मशीन बंद केलं. स्पेसर त्याच्या टेबलावर टाकून निघालो. कागदही तिथेच राहिला.

२१ फेब्रुवारी

व्हर्नियरचे जबडे मिटले. शून्याऐवजी दोन दशांश दाखवतं.

मला ठाऊक आहे. बारा वर्षांपूर्वी माझ्याच हातून पडलं होतं, तेव्हापासून दोन दशांश जास्तच दाखवतं. स्वतःच्या कामात वजा करावं लागत नाही – पिनही त्याच्यावर मोजलेली, भोकही त्याच्यावर, चूक चुकीत जिरते. दुसऱ्याला माप लिहून देताना वजा करायचं असतं. इतक्या वर्षांत दुसऱ्याला नेमकं माप लिहून देण्याची वेळच आणली नव्हती; भंगारवाल्याच्या कागदावर होती ती ढोबळ.

म्हणजे हवा होता पंधरा. लिहिलं मी १५.२. त्याने लिहिल्याप्रमाणे केलं.

आता तिथे जाऊन काय सांगू? गेलो नाही.

२२ फेब्रुवारी

जुन्या बेअरिंगमधून कडी कापायचा प्रयत्न. हॅकसॉची तीन पाती गेली. नखभर कापलं.

२४ फेब्रुवारी

म्हाताऱ्याकडे गेलो, पोलादाचा एखादा गोल तुकडा मिळाला तर कानशीने घासत बसू म्हणून. त्याने गल्ल्यातून काढून तयार स्पेसरच हातावर ठेवला. "ढिगात होता."

खिशातून व्हर्नियर काढलं. १५.२. माझ्या व्हर्नियरवर १५.२, म्हणजे खरा पंधरा.

आणि दोन्ही कडा मारलेल्या – आधी कानस, मग तेल लावून पॉलिश पेपर, बोट फिरवलं तर रेशीम. अशा कडा दोनच माणसं मारतात. एक मी. दुसऱ्याला मी शिकवलं.

"हा ढिगात नव्हता," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने तराजू पुसायला घेतला. "टर्नर तुमचा कागद घेऊन तिकडे गेला होता. तक्रार करायला. तुमच्या भावाने कागद पाहिला आणि म्हणाला, 'दादाला पंधराचा लागतोय.' मग स्वतःच लेथवर उभा राहिला म्हणे."

"आणि प्लेट? गनमेटल?"

"माझ्याकडचा कागद मीच नेला होता साहेब, त्याच्याकडचं भंगार मीच उचलतो. तुम्ही आकृती काढलेला." तराजू अजून पुसतच होता. "मला म्हणाला, ढिगावर टाक, हातात देऊ नकोस."

ढिगावर टाक. माझी नजर लागते ना.

२५ फेब्रुवारी

स्पेसर टेबलावर आहे. बसवला नाही. दुपारी पाण्याच्या टाकीत टाकायला निघालो होतो, अर्ध्या जिन्यातून परत आलो.

२७ फेब्रुवारी

ही खोलीत आली. सहसा येत नाही, तेलाचा वास सहन होत नाही तिला. तिला म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं भांडेल, किंवा म्हणेल, बघा मी सांगत नव्हते का. ती उभ्या उभ्या एवढंच म्हणाली, "बसवा नाही तर फेकून द्या. पण असं बघत बसू नका." दार लावता लावता पुन्हा, "ज्याने घालवून दिलं तो लेथवर कशाला उभा राहील, हे मला काही कळत नाही बाई."

बसवला. बोटाने ढकलला आणि गेला. चाक फिरवलं, आवाज नाही.

२८ फेब्रुवारी

गाडी पास. दुसऱ्या किकला सुरू झाली. तपासणी अधिकारी तरुण होता, वाकून वाकून बघत होता. "पार्ट कुठून आणलेत?"

"मी केलेत."

"सगळे?"

"सगळे."

त्याने शिक्का मारला. घरी येताना वर्कशॉपच्या रस्त्याने आलो, जवळ पडतं म्हणून. दार उघडं होतं. तो आत पाठमोरा होता, लेथवर. इंजिनाचा आवाज ऐकून त्याने मशीन बंद केलं, पण वळला नाही. मीही गिअर बदलला नाही. तसाच पुढे आलो.

१ मार्च

त्याने मला बाहेर काढलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी त्याने नवीन व्हर्नियर आणलं आणि म्हणाला, "दादा, हे जुनं आता शून्याला बसत नाही, ड्रॉवरमध्ये राहू दे." मी ते उचललं आणि निघालो. संध्याकाळी घराखाली आला, वर यायचं धाडस झालं नाही त्याचं, जिन्यात उभं राहून बोलला. ही माहेरी होती. परत ये म्हणाला: वर्कशॉपची निम्मी भागी, पाटीवर माझं नाव आधी. ते नको असेल तर माझा वाटा रोख, दुसऱ्या दिवशी. मी नाही म्हणालो. सहा लाख चाळीस हजार.